आधी मजकूर हलवला, मग संगणक

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्याच सुमारास मी माझ्या कामाचा लॅपटॉप लिनक्स मिंट या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीमवर नेला आणि तेव्हापासून संपादन, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार, हिशेब अशी माझी जवळजवळ सर्व कामे त्याच्यावरच चालू आहेत. हे कसे जमले, असे व्यवसायातले अनेक सहकारी विचारतात. विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणारा, संगणकशास्त्र शिकलेला कोणी तरुण असतो. माझा अनुभव त्याहून फार वेगळा आहे. नवी प्रणाली बसवायला एक दुपार पुरली. खरे कष्टाचे काम त्याच्या कितीतरी आधी, विंडोजवर असतानाच झाले होते, आणि ते म्हणजे वर्षानुवर्षे साठलेला मराठी मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात आणणे. मराठीत लिहिणाऱ्या, छापणाऱ्या माणसाने लिनक्सकडे वळायचे ठरवले, तर त्याने आधी मजकूर हलवावा आणि संगणक नंतर, हे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते कशामुळे झाले हे सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

लॅपटॉप बदलण्याची मला गरज नव्हती. त्यातला इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, मेमरी पुरेशी आहे, आणि मजकुराच्या कामाला त्याहून अधिक शक्ती लागत नाही. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी यांचा समावेश आहे आणि त्या २०२१ पासून जाहीर आहेत. माझे यंत्र त्यांत बसत नव्हते. घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट वाढवून घेण्याची सोय होती, पण तिने निर्णय फक्त वर्षभर पुढे गेला असता. एक धडधाकट यंत्र टाकून देणे मला पटत नव्हते, आणि ज्या प्रणालीचे अपडेट बंद झाले आहेत तिच्यावर लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते ठेवणे तर मुळीच पटत नव्हते.

आता मजकुराकडे वळते, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे महाराष्ट्रातले छापखाने, वृत्तपत्रे आणि डीटीपीची दुकाने पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये काम करत, आणि अक्षरे श्रीलिपी किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमसारख्या पॅकेजांतल्या फॉन्टांची असत. ही दोन्ही पॅकेजे पुण्यात घडली आणि त्यांच्यामुळे मराठी छपाई खिळ्यांच्या जुळणीतून संगणकावर आली. त्या पिढीतल्या तंत्रज्ञांचे हे ऋण मोठे आहे. मात्र त्या फॉन्टांची रचना त्या काळाच्या मर्यादांनी ठरलेली होती. संगणकाच्या लेखी एका फॉन्टमध्ये दोनशेच्या आसपास चिन्हांच्याच जागा होत्या, त्या इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांसाठी ठरलेल्या होत्या, आणि मराठी अक्षरांचे तुकडे त्याच जागांवर बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये मराठी असे काही साठतच नसे. साठत ते युरोपीय चिन्हांचे क्रमांक, आणि विशिष्ट फॉन्ट त्यांच्यावर चढवला की पडद्यावर मराठी दिसे. तो फॉन्ट काढून घेतला की त्याच फाइलमध्ये परक्या अक्षरांची अर्थहीन रांग उरते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही वेगळी. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे सूची लावता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही.

याला पर्याय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच ठरले होते आणि त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्तीही आली, जिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. पण छपाईच्या व्यवसायात जो फॉन्ट चालतो तोच चालत राहतो, आणि पेजमेकरला युनिकोडमधली देवनागरी हाताळता येत नव्हती. मराठीच्या खास गरजाही युनिकोडमध्ये हळूहळूच पूर्ण झाल्या. आपण 'ॲप', 'ॲसिड' लिहिताना वापरतो त्या 'ॲ'ला स्वतःची जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली.

माझ्याकडे जुन्या फॉन्टांत जुळवलेले कवितासंग्रह, स्मरणिका, दिवाळी अंक आणि दोन कोशांचा कच्चा मजकूर होता. तो युनिकोडमध्ये आणण्याचे काम मी काही वर्षांपूर्वीच हाती घेतले, तेव्हा लिनक्स डोक्यातही नव्हते. तयार परिवर्तक मिळतात आणि साध्या मजकुराला ते पुरतात, पण माझ्या फाइलींत फॉन्टांची सरमिसळ होती. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाणणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, तू मला फक्त नियम सांग, प्रोग्रॅम मी लिहितो." नियम सांगायला बसल्यावर देवनागरीची रचना मला पुन्हा नव्याने शिकावी लागली, आणि ते शिकणे फार आनंदाचे होते.

जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना जुन्या फाइलीत आधी वेलांटी आणि मग 'क' असतो. युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी. 'सूर्य' या शब्दातला रफार जुन्या फाइलीत 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र पाय मोडलेला 'र' 'य'च्या आधी. 'आर्थिक' या एकाच शब्दात दोन्ही उलटापालटी करावी लागते: वेलांटी 'थ'च्या डावीकडून उजवीकडे न्यायची आणि रफार उजवीकडून डावीकडे. वेलांटीखाली जोडाक्षर असेल तर ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे गेली पाहिजे, एका अक्षरावर थांबता कामा नये. काही फॉन्टांत 'ग', 'म', 'व' ही अक्षरेसुद्धा अर्धे अक्षर आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांत साठवलेली होती, त्यामुळे तो दंड अक्षराचा भाग आहे की काना, हे आजूबाजूच्या चिन्हांवरून ओळखावे लागे. आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे आपला 'ऱ्य'. 'दौऱ्यावर' आणि 'सूर्यावर' यांतला फरक मराठी वाचकाला सहज दिसतो, पण हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले परिवर्तक दोन्हींचा रफार करून टाकतात आणि 'दौर्यावर' असा शब्द छापला जातो. आजही अनेक संकेतस्थळांवर तो तसा दिसतो.

प्रोग्रॅमने केलेले परिवर्तन मी ओळीन् ओळ वाचून तपासले. मुद्रितशोधकाला ते करावेच लागते, आणि जुना मजकूर त्या निमित्ताने पुन्हा वाचला गेला.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी तो कोणत्या स्वरूपाच्या फाइलीत ठेवायचा हा दुसरा प्रश्न होता. मी ओपन डॉक्युमेंट हे स्वरूप निवडले. २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची संपूर्ण रचना प्रसिद्ध आहे आणि ते वाचणारा प्रोग्रॅम कोणीही लिहू शकतो. या स्वरूपाची मजकुराची फाइल, म्हणजे ओडीटी, हा प्रत्यक्षात एक झिप संच असतो. तो उलगडला की आतल्या एका साध्या मजकूर-फाइलीत आपले मराठी वाक्य जसेच्या तसे दिसते, भोवती फक्त मांडणीच्या खुणा असतात. मी हे एकदा मुद्दाम करून पाहिले. उद्या मी वापरते तो प्रोग्रॅम नाहीसा झाला तरी माझी वाक्ये तिथे वाचता येतील, ही खात्री मला त्या फाइलीकडे पाहूनच मिळाली. केंद्र सरकारनेही ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि ओपन सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला असलेले मुक्तस्रोत, सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले आहे. आपल्या अनेक कार्यालयांतून येणाऱ्या फाइली पाहिल्यावर ते अधिक ठामपणे अमलात यावे असे वाटत राहते.

ओपन डॉक्युमेंटसाठी मी लिबर ऑफिस हा लेखन-हिशेबाचा प्रोग्रॅम-संच वापरायला घेतला, आणि तेही विंडोजवरच. २०१० मध्ये ओपन ऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रकल्प डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था चालवते आणि तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर सारखाच चालतो. त्याच काळात फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम यांची सवय केली. त्यामुळे प्रत्यक्ष प्रणाली बदलली त्या दिवशी माझे प्रोग्रॅम तेच राहिले, फक्त त्यांच्याखालची जमीन बदलली. प्रणाली बदलून हताश झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीम, लेखनाचा प्रोग्रॅम, कळफलक आणि फॉन्ट हे सगळे एकाच दिवशी बदललेले असते, आणि मग नेमके काय अडते आहे हेच त्यांना उमगत नाही.

लिनक्सच्या अनेक वितरणांतून मिंट का निवडले, हेही थोडक्यात सांगते. लिनक्स हे मुळात गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव. हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते जाहीर केले. त्या गाभ्याभोवती इतर साधने रचून पूर्ण प्रणाली तयार करतात. १९९३ मध्ये सुरू झालेला डेबियन हा त्यांतला एक मोठा प्रकल्प, त्याच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू आले आणि उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये मिंट. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेले बॉस लिनक्सही मी पाहिले; तेही डेबियनवरच उभे आहे आणि आपल्याकडच्या संस्थेने हे काम करावे याचा मला अभिमान वाटतो. मिंट घेतले ते दोन कारणांनी. त्याच्या सिनॅमन या पडद्याची मांडणी, म्हणजे खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मला नव्याने शिकावी लागली नाही. आणि त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

बसवण्याआधीची एक सोय मला अतिशय मोलाची वाटली. मिंटची सुमारे तीन गिगाबाइटची फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर घेतली की संगणक थेट त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो आणि हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली वापरून पाहता येते. वाय-फाय चालते का, आवाज येतो का, झाकण मिटल्यावर संगणक झोपतो आणि उघडल्यावर जागा होतो का, कॅमेरा दिसतो का, हे सर्व मी आधी असे तपासले. हा तपास निवांतपणे करावा, कारण अडचण आलीच तर ती इथेच कळते आणि परत फिरणे सोपे असते. विंडोजची डिस्क बिटलॉकर या तिच्याच सोयीने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी-की आधी लिहून घ्यावी, आणि फास्ट स्टार्टअप बंद करावे, नाहीतर विंडोज अर्धवट निद्रेत राहते आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मी पुढचे पाऊल टाकले नाही.

सुरुवातीला मी दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवल्या. तशा ठेवल्या की आपल्याकडे घड्याळ हमखास साडेपाच तासांनी चुकते. विंडोज संगणकाच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स तिथे जागतिक प्रमाणवेळ आहे असे धरून चालते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने नेमका तेवढा फरक पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा दिली की प्रश्न मिटतो. लॅपटॉप बिघडला असे समजून कोणी घाबरू नये म्हणून हे सांगितले.

मराठी टंकलेखनाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते, आणि इथे लिनक्सवरची स्थिती उत्तम आहे. मी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी वापरते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी. मिंटच्या कळफलक-निवडीत मराठीची स्वतंत्र इन्स्क्रिप्ट मांडणी आहे, तिच्यात 'ॲ' थेट टंकता येतो. आणि शिफ्टसह 'र'ची कळ दाबून मिळणारा 'ऱ', मग हलन्त आणि 'य' असे टंकले की 'ऱ्य' अचूक उमटतो. ज्यांना उच्चारानुसार इंग्रजी कळा वापरून लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस नावाची व्यवस्था आहे. तिच्यात एम-सतरा-एन हा संच जोडला की मराठीसाठी फोनेटिक आणि आयट्रान्स हे पर्याय मिळतात. यासाठी इंटरनेट लागत नाही आणि आपण काय टंकतो ते बाहेर कुठे जात नाही. गोपनीय हस्तलिखितांवर काम करणाऱ्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पडद्यावर अक्षरे कशी जुळून येतात हा त्याच्या पुढचा भाग. युनिकोडमध्ये 'क', हलन्त, 'ष' असे तीन संकेत साठलेले असतात आणि त्यांचा 'क्ष' करून दाखवण्याचे काम अक्षरजुळणी करणारा प्रोग्रॅम करतो. लिनक्सवर हे काम हार्फबझ नावाचे मुक्तस्रोत साधन करते, आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबर ऑफिस सर्व प्रणालींवर हेच साधन वापरते. त्यामुळे विंडोजवर जुळवलेला परिच्छेद लिनक्सवर उघडला तरी, फॉन्ट तोच असेल तर, जोडाक्षरे तशीच राहतात.

फॉन्टांच्या बाबतीत गेल्या वीस वर्षांत मराठीला जे मिळाले आहे त्याची जाणीव आपल्यापैकी अनेकांना नाही. रेड हॅटने लोहित देवनागरी खुला केला, मुंबईच्या एक टाइपने मुक्ता दिला, आयआयटी मुंबईतून शोभिका आला, गूगलचा नोटो आहे. हे सर्व फॉन्ट कोणीही वापरावेत, छापावेत, वाटावेत, त्यांत बदल करावेत अशा परवान्यांखाली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण मानले, आणि हिंदी वळणाची अक्षरे मराठी पुस्तकात खटकतात ही आपली जुनी तक्रार आहे. यांपैकी काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असे नोंदवले की मराठी वळण आपोआप लागते. लिबर ऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगात जटिल लिप्यांसाठी मराठी निवडायचे, एवढेच. अनेक वर्षे 'ल' एकेक करून बदलणाऱ्या जुळारी मंडळींना मी हे दाखवते तेव्हा त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

विंडोजबरोबर येणारे फॉन्ट मात्र लिनक्सवर नसतात, कारण त्यांचा परवाना तशी मुभा देत नाही. त्यांतला मंगल आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि तो आयआयटी मुंबईत शिकवलेले थोर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखला होता. प्रकाशकाकडून मंगलमध्ये केलेली वर्डची फाइल आली की माझ्याकडे ती दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडते, ओळी पुढेमागे सरकतात आणि पृष्ठसंख्या बदलते. मजकुराला धक्का लागत नाही. दुरुस्त्यांच्या खुणा आणि शेरे दोन्हीकडे नीट ये-जा करतात. ज्या प्रकाशकांशी माझे नेहमीचे काम आहे त्यांना मी मुक्ता किंवा शोभिका बसवून घेण्याची विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली, कारण त्यांनाही त्यासाठी पैसे द्यावे लागत नव्हते. पानांची अंतिम मांडणी तपासायची असेल तर मी पीडीएफच मागते. हा नियम सर्वांनीच पाळावा असे मला वाटते, मग प्रणाली कोणतीही असो.

छपाईयंत्राने मात्र बराच वेळ घेतला. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरसाठी त्याच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, दिला होता, पण तो ३२ बिटांच्या काळातला होता आणि नव्या प्रणालीवर तग धरत नव्हता. शेवटी मदतीला आला तो स्वयंसेवकांनी त्या प्रिंटरची भाषा उलगडून लिहिलेला ड्रायव्हर. नवा प्रिंटर घेणाऱ्याने ड्रायव्हरशिवाय, आयपीपी या खुल्या पद्धतीने चालणारा घ्यावा. तो लिनक्सवर लगेच ओळखला जातो. त्या वेळी मला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्या हकिकतीची आठवण झाली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सने दिलेल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडके, आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्यांना ते कळत नसे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून त्यांनी कागद अडकल्याची सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम त्यांना देण्यास नकार मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत ही घटना ते स्वतः सांगत आले आहेत. यंत्र आपल्या टेबलावर असूनही त्याचे वागणे दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नसणे, यातली अस्वस्थता मला त्या काळात पूर्णपणे समजली.

सर्वच गोष्टी लिनक्सवर आल्या नाहीत, आणि ज्यांची उपजीविका त्यांवर आहे त्यांना मी घाई करू नका असेच सांगेन. इनडिझाइन हा पानमांडणीचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाही. ज्या छापखान्यांना त्याच स्वरूपाची फाइल लागते त्यांचे काम विंडोजवर किंवा मॅकवरच करावे लागते. स्क्रायबस हा पानमांडणीचा मुक्तस्रोत प्रोग्रॅम जानेवारी २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट हाताळतो, मी त्यात दोन छोट्या पुस्तिका केल्या आणि त्या छापून चांगल्या आल्या, पण चारशे पानांच्या ग्रंथासाठी मी अजून त्याच्यावर विसंबलेले नाही. हिशेबाचा टॅली हा प्रोग्रॅम विंडोजसाठीच आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांपैकी काहींचे लिनक्स-ड्रायव्हर मिळतात, पण त्यांच्यासह प्रत्येक शासकीय संकेतस्थळ नीट चालेल याची हमी देता येत नाही. यासाठी विंडोजचा लहानसा विभाग मी अजून ठेवला आहे आणि तो इंटरनेटला एरवी जोडत नाही.

लिनक्सवर विषाणू येत नाहीत, अशी निश्चिंती काही जण देतात. ती देऊ नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या मुक्तस्रोत साधनात कोणीतरी, एकट्याने ते सांभाळणाऱ्या दमलेल्या माणसाचा विश्वास दीर्घकाळ संपादन करून, चोरवाट बसवली असल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर प्रवेश घेताना अर्ध्या सेकंदाचा न समजणारा विलंब जाणवला, त्याचा माग काढत ते मूळ प्रोग्रॅमपर्यंत पोहोचले आणि बहुसंख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ती चोरवाट जाण्याआधीच थांबली. फ्रॉइंड त्या वेळी मायक्रोसॉफ्टमध्ये काम करत होते. मूळ प्रोग्रॅम खुला होता म्हणून त्यांना शेवटपर्यंत पाहता आले, हे खरे. आणि जगभर वापरले जाणारे साधन एका माणसाच्या खांद्यावर सोडलेले होते, हेही तितकेच खरे. आपण विनामूल्य वापरतो त्या साधनांना वर्षाकाठी काही रक्कम द्यावी, असे मी तेव्हापासून स्वतःसाठी ठरवले आहे.

मदत मराठीतून मिळते का, याचे उत्तर होय असे आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबर ऑफिसवरचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि माझ्या सासऱ्यांनी ते पाहूनच फाइली जपून ठेवायला शिकून घेतले. मिंटची भाषा मराठी निवडली तर काही मेनू मराठीत आणि काही इंग्रजीत दिसतात, कारण भाषांतर स्वयंसेवकांवर चालते आणि हात कमी पडतात. चांगले मराठी लिहिणाऱ्या पण प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे; मीही लिबर ऑफिसच्या काही सूचनांचे भाषांतर सुचवायला सुरुवात केली आहे.

आता उरल्या आहेत त्या पेजमेकरच्या जुन्या फाइली. मूळ प्रोग्रॅमची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्याचा विकास केव्हाच थांबला. पण लिबर ऑफिसच्या स्वयंसेवकांनी पेजमेकरचे स्वरूप उलगडून ते वाचण्याची सोय केली आहे, त्यामुळे या फाइली मी लिबर ऑफिसमधल्या ड्रॉ या प्रोग्रॅममध्ये उघडू शकते. पानांची मांडणी ढोबळच येते, चित्रांच्या जागा हलतात, आणि मजकूर अर्थातच जुन्या फॉन्टच्या क्रमांकांत असतो. तो बाहेर काढून भाच्याच्या प्रोग्रॅममधून न्यावा लागतो आणि मग वाचून तपासावा लागतो. दिवाळी अंकांपासून सुरुवात केली आहे. ज्या अंकांच्या फाइली हरवल्या आणि फक्त छापील प्रती उरल्या, त्यांची पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्तस्रोत प्रोग्रॅमच्या मराठी संचाने मजकुरात आणते. स्वच्छ छपाई असेल तर निकाल चांगला येतो. खिळ्यांची झिजलेली अक्षरे आणि पिवळा कागद असेल तर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल बरीच होते, आणि तिथे मुद्रितशोधकाचे नेहमीचे काम सुरू होते.